सहा महिन्यांच्या आत

काकांना कोणीही पहिल्यांदा भेटलं की ते आधी त्याचं गाव विचारत. नाव नंतर, आणि तेही आठवण राहिली तर. टॅक्सीवाला पठाण असो, ऑफिसात पाण्याच्या बाटल्या टाकायला येणारा बांगलादेशी असो, की शेठच्या केबिनमध्ये चहा पीत बसलेला बँकेचा मॅनेजर असो, काकांचा पहिला प्रश्न ठरलेला. गाव कळलं की दुसरा प्रश्न, नदी आहे का. आहे म्हटलं की काका खुर्ची ओढून बसत आणि पूर येतो का, पूल कधी झाला, पोहायला कुठे शिकलात, इथपर्यंत चौकशी करत. नाही म्हटलं तर त्या माणसाकडे जरा काळजीने बघत. ते स्वतः सांगलीचे, त्यामुळे जगातलं प्रत्येक पाणी कृष्णेशी ताडून बघायची त्यांची रीत होती. आम्ही शारजात अल मजाजला राहायचो, समोर खाऱ्या पाण्याचा चांगला मोठा लगून होता, पण काका त्याला हिशेबात धरत नसत. ते पाणी कुठून येत नाही आणि कुठे जात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

ते माझे खरे काका नव्हेत. शारजाच्या औद्योगिक भागात आमचं ऑफिस होतं आणि मागे गोडाऊन. अबू धाबीजवळच्या मुसफ्फाच्या फॅब्रिकेशनवाल्यांना लागणारी ग्राइंडिंग व्हील्स आणि ग्रिट आम्ही विकायचो. ग्रिट म्हणजे भट्टीत वितळवून, फोडून, चाळून केलेली कडक रेती. लोखंडावरचा गंज काढायला ती हवेच्या जोरावर मारतात. मी आयातीचे कागद बघायची, काका मालाची तपासणी करायचे. ऑफिसात सगळे त्यांना इन्स्पेक्टर म्हणत. मी काका म्हणायची, कारण त्यांच्याआधी माझी ओळख काकूंशी झाली होती. आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर काकू पोळीभाजीचे डबे करायच्या. माझ्यासारख्या नोकरी करणाऱ्या बायकांची निम्मी घरं त्या डब्यांवर चालत होती.

माझी मुलगी काकांना घाबरत नसे, पण ते गेले की मला म्हणायची, “आई, ही इज सो वीअर्ड.” तिचंही बरोबर होतं. भर जूनमध्ये, बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालेलं असताना, हा माणूस ऑफिसात स्वेटर घालून आणि मफलर गुंडाळून बसायचा, कारण एसी त्यांना सोसत नसे. गाडीत बसले की एसी बंद करून काचा खाली. दुपारी गोडाऊनला जाताना डोक्यावर काळी छत्री. शारजात छत्री घेऊन फिरणारा तो एकच माणूस असावा. येणारे जाणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून सलाम करायचे आणि काका छत्री वर करून त्यांना उत्तर द्यायचे. आम्ही सगळे कोथिंबिरीच्या जुडीलाही दिरहमचे रुपये करून बघायचो आणि हळहळायचो. काकांनी कधी गुणाकार केला नाही. जिथे आहे तिथले पैसे, असं म्हणून ते मोकळे होत.

त्यांचं क्वीचौला जाणं ठरलं ते असं. आमचा माल चीनच्या नैर्ऋत्येकडच्या त्या प्रांतातून यायचा. क्वीचौ हे नाव शारजात आमच्या ऑफिसबाहेर कोणी ऐकलेलं नव्हतं. चीनला जाणारे व्यापारी म्हणजे ग्वांगझूला जायचे, फार तर शांघाय. एकदा मुसफ्फाच्या मोठ्या गिऱ्हाइकाने पोत्यांत अर्धी माती निघाली म्हणून सगळा माल परत पाठवला. शेठ उल्हासनगरचे सिंधी, शारजात तीसेक वर्षं काढलेले, रागावले की त्यांचा आवाज उलट खाली यायचा. सगळ्यांना गोळा करून ते हळू आवाजात म्हणाले, “कोई अपना आदमी उधर फॅक्टरी में बैठना चाहिए. तीन महिना.” सगळ्यांनी खाली बघितलं. कोणाची मुलं दहावीत होती, कोणाच्या आईचं ऑपरेशन होतं. काकांनी फक्त विचारलं, तिथे नदी आहे का. शेठना काय माहीत, ते म्हणाले, होगा ना, इन्शाल्ला. झालं. महिन्याभरात काका गेले, आणि तीन महिन्यांची बघता बघता चार वर्षं झाली.

मधून मधून ते यायचे, त्याला कारण व्हिसा. आखाती देशांत राहिलेल्याला हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहिलं की तिथला रेसिडेन्स व्हिसा आपोआप बाद होतो. आणि काकूंचा व्हिसा काकांवर होता. नवऱ्याचा व्हिसा गेला की बायकोचाही गेला, त्याबरोबर घराचा करार गेला, काकूंच्या बाबतीत डबेही गेले. म्हणून काका दर पाच साडेपाच महिन्यांनी यायचे, पासपोर्टवर शिक्का पडला की आठवडाभर राहायचे आणि परत जायचे. त्यांचा मुलगा पुण्याला हॉस्टेलवर होता, त्यामुळे त्या आठवड्यात काका बराच वेळ ऑफिसातच सापडत. आम्ही कामं बाजूला ठेवून त्यांच्या गोष्टी ऐकायचो.

पहिल्या खेपेला त्यांनी पोलिसाची गोष्ट सांगितली. त्या काळी तिथे परदेशी माणसाने ठरावीक हॉटेलातच उतरायचं, असा नियम होता आणि कारखान्याच्या गावात तसं हॉटेलच नव्हतं. कारखान्यातल्या लोकांनी बरीच खटपट करून एका निवृत्त शिक्षिकेच्या घराचा वरचा मजला काकांना मिळवून दिला. अट अशी, की पोलिसाने दर महिन्याला येऊन परदेशी माणूस जागेवर आहे ना, हे बघून जायचं. पोलीस यायचा, चहा प्यायचा आणि काय बोलावं ते न सुचून भिंतीकडे बघत बसायचा. काकांना त्याची दया आली. त्यांनी गावातल्या सुताराकडून कॅरम बोर्ड करून घेतला, कारखान्याच्या लेथवर सोंगट्या काढून घेतल्या, पावडरऐवजी बटाट्याचं पीठ भुरभुरलं. पोलीस हरला. मग तो आठवड्याला चौकशीला यायला लागला आणि शेवटी शेवटी एक दिवसाआड. काका म्हणायचे, एवढं कडक लक्ष त्या प्रांतात दुसऱ्या कुठल्या परदेशी माणसावर नसेल.

दुसरे परदेशी होते तिथे, नाही असं नाही. क्वीयांग या राजधानीच्या शहरात एक नूडल्सचं दुकान होतं, तिथे ते सगळे रविवारी जमायचे. इंग्रजी शिकवणारा एक म्हातारा वेल्श माणूस, धरणावरचा एक जपानी इंजिनिअर, रानातली झाडं शोधत हिंडणाऱ्या दोन जर्मन बायका. काका दोनदा गेले आणि कंटाळून परत आले. त्यांचं म्हणणं, ती मंडळी तासन् तास पाव कुठे मिळतो आणि कॉफी कुठे मिळते, एवढंच बोलत होती. काकांनी प्रत्येकाला गाव विचारलं. त्या म्हाताऱ्याच्या गावाला नदी होती, पण ती आठवायला त्याला फार वेळ लागला, म्हणून काकांच्या मनातून तो उतरला.

एका खेपेला त्यांनी ऑफिससाठी खाऊ आणला. एक म्हणजे पांढऱ्या मुळ्या, कच्च्या खायच्या, ज्यांना माशाचा वास येतो. शेठनी एक तोंडात टाकली आणि “हबीबी, ये क्या है” असं म्हणून बाहेर गेले ते बराच वेळ आले नाहीत. काका मात्र त्या गाजरासारख्या खात होते. दुसरी वस्तू म्हणजे शेंगदाणे घातलेली लाल मिरचीची तेलातली चटणी. ती आम्हाला सगळ्यांना आवडली. काकांनी मोठ्या आशेने बरणी काकूंपुढे ठेवली. काकूंनी बोटाने चाखली, तेल जास्त आहे म्हणाल्या, आणि बरणी फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात सारली. नंतर दर खेपेला नवी बरणी यायची आणि तिथेच जायची.

काकू कमी बोलायच्या. पण चौथ्या वर्षी, दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं तेव्हा, त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. काकांचे सहा महिने भरत आले होते आणि त्यांनी तिकीट काढलं नव्हतं. फोनवर विचारलं की बघू म्हणायचे. त्याच सुमाराला कारखान्यातली नवी भट्टी बघायला शेठ जाणार होते आणि करारासाठी मला बरोबर नेणार होते. काकूंना हे ठाऊक होतं. पोळी तव्यावरून न काढता त्या म्हणाल्या, “तिथे त्यांचं कोणी असेल तर मला येऊन सरळ सांग. मी सांगलीला जाईन, डबे तिथेही करता येतात. नसेल तर त्यांना घेऊन ये. पण हे असं अधांतरी मला आता झेपत नाही.” पोळी करपली होती. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि दुसरी लाटायला घेतली. मला तेव्हा काकांचा मनापासून राग आला.

क्वीचौत पोचल्यावर पहिल्यांदा डोळ्यांना त्रास झाला. आखातात दहा वर्षं काढल्यावर इतकं हिरवं बघायची सवय राहत नाही. डोंगराला लागून डोंगर, मध्ये धुकं, उतारांवर भाताच्या पायऱ्या, आणि पाऊस असा की आहे की नाही ते कपडे ओले झाल्यावर कळावं. शेठ गाडीत शाल पांघरून बसले होते आणि उन्हाची आठवण काढत होते. क्वीयांगहून जीपने चार तास डोंगर चढून कारखान्याच्या गावात उतरलो तेव्हा काका रस्त्यातच उभे होते. डोक्यावर तीच काळी छत्री, अंगात स्वेटर, गळ्यात मफलर. शारजात जो अवतार बघून आम्ही हसायचो, तो तिथे अगदी चारचौघांसारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर बाजारातून चालत कारखान्यात गेले. दहा मिनिटांचा रस्ता, आम्हाला तास लागला. भाजीवालीने थांबवलं, न्हाव्याने थांबवलं, शाळेत निघालेल्या पोरांनी तर घेरावच घातला. काकांची चिनी भाषा सांगलीच्या हेलातली होती, पण लोकांना ती व्यवस्थित कळत होती. प्रत्येक जण माझ्याकडे बोट दाखवून विचारत होता आणि काका प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगत होते, ही कोण, कुठली, हिच्या गावाला नदी कोणती. माझं माहेर साताऱ्याचं, म्हणजे नदी तीच, या गोष्टीचा त्यांना इतका अभिमान वाटत होता की जणू मी ती बरोबर घेऊन आले होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. चार वर्षांत हा माणूस उलट तरुण झाला होता. कोणीतरी नक्की आहे, असं मी मनात धरून टाकलं.

मुक्कामाच्या शेवटून दुसऱ्या दिवशी भट्टीवरच्या मुकादमाने आम्हाला त्याच्या गावी जेवायला बोलावलं. ते म्याओ या डोंगरी जमातीच्या लोकांचं गाव होतं, डोंगराच्या कुशीत, सगळी लाकडी घरं. तिथे पाहुणा आला की गावाच्या वेशीवर बायका चांदीचे दागिने घालून रस्ता अडवतात, गाणं म्हणतात, आणि म्हशीच्या शिंगातून तांदळाची दारू पाजून मगच आत घेतात. काकांनी जीपमध्ये आम्हाला दोनदा बजावलं होतं, शिंगाला हात लावायचा नाही. हात मागे बांधायचे, मान पुढे करायची, त्या घोटभर पाजतात आणि सोडतात. हात लावला की ते शिंग तुमचं झालं, सगळं संपवावं लागतं.

मी हे नीट ऐकलं होतं. पण समोर आली ती माझ्या सासूबाईंच्या वयाची बाई. एवढी मोठी बाई काहीतरी देते आहे आणि आपण हात मागे बांधून उभं राहायचं, हे आपल्याकडे कोणाला जमेल? मोठ्यांनी दिलेलं दोन्ही हातांनी घ्यायचं, हे लहानपणापासून इतकं अंगात मुरलेलं की माझे हात आपोआप पुढे गेले आणि मी शिंग धरलं. गाणं थांबलं. सगळ्या बायका हसायला लागल्या. शेठ खिशात हात घालून उभे होते, ते शांतपणे म्हणाले, “खलास.”

मी त्याआधी दारूला कधी तोंड लावलं नव्हतं. ती गोडसर होती, कोमट होती, आणि शिंग बाहेरून दिसतं त्यापेक्षा आत बरंच खोल असतं. काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि हळू हळू पी, घाई करू नको, असं औषध पाजताना सांगावं तसं सांगत राहिले. मग म्हणाले, पहिल्यांदा आलो तेव्हा माझंही हेच झालं होतं, आपली माणसं दोन्ही हात पुढे केल्याशिवाय राहत नाहीत. तेव्हा ते दोन दिवस त्याच गावात झोपून राहिले होते.

जेवणं झाली. शेठ आत लवंडले. बाहेर लाकडी सज्जात काका आणि मी बसलो होतो, समोर पाऊस पडत होता. माझं डोकं हलकं झालं होतं आणि जिभेवरचा लगाम सुटला होता. शुद्धीवर असते तर आडवळणाने विचारलं असतं. मी सरळ म्हटलं, “काकू म्हणतात, तुमचं इथे कोणी आहे.”

काका रागावले नाहीत. त्यांनी छत्री मिटून भिंतीला टेकवली.

“आहे ना,” ते म्हणाले. “बाई नाही, सगळं गाव आहे. शारजात मी पंधरा वर्षं राहिलो. भेटेल त्याला गाव विचारलं. मला उलट कोणी विचारलं नाही. त्यांचं चुकलं असं नाही, तिथे सगळेच बाहेरचे, कोण कोणाची चौकशी करणार. इथे बाहेरचा मी एकटा. घरातून निघालो की कोणी ना कोणी विचारतं, तुमच्याकडे आता पाऊस सुरू झाला असेल का. सांगलीच्या पावसाची चौकशी मला शारजात कोणी केली नाही गं.”

मी म्हटलं, मग काकूंना इथे आणा. त्यावर ते म्हणाले, तिला शारजात विचारतात. तिच्या हाताची चव लोकांना कळते, आजारी माणसाच्या घरून तिलाच पहिला फोन येतो. ते सगळं सोडून माझ्यासाठी ती इथे येऊन बसेल आणि माझ्यासारखीच होईल, म्हणजे मी शारजात होतो तशी. मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. कारखान्याने त्यांना स्वतःच्या नोकरीत यायचं विचारलं होतं, कायमचं. हो म्हटलं तर शेठची नोकरी जाणार, शारजाचा व्हिसा रद्द होणार आणि काकूंचं सगळं उठणार. नाही म्हटलं तर वर्षा दोन वर्षांत शेठ त्यांना परत बोलावणार, कारण माल आता सुधारला होता. म्हणून तिकीट काढायला हात होत नव्हता.

“तू सांग, मी काय करू?” त्यांनी विचारलं.

एवढ्या मोठ्या माणसाने मला असा प्रश्न विचारला आणि मी काय करावं, मला झोप येते आहे असं म्हणाले आणि तिथेच खांबाला टेकून झोपले. जाग आली तेव्हा अंगावर काकांचा स्वेटर होता. ते अंगणात शेठशी बोलत होते. परवाच्या विमानाने मीही येतो, असं सांगत होते.

अशा रीतीने मी काकांना घेऊन आले. सहा महिन्यांच्या आत. पासपोर्टवर शिक्का बसला, काकूंचं घर आणि डबे वाचले. मी वर जाऊन काकूंना सगळं सांगितलं, बाई नाही, गाव आहे, नोकरीचं विचारलं आहे, अगदी शब्दाला शब्द. मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल. त्या कणकेचे गोळे करत होत्या. म्हणाल्या, “बाई असती तर भांडले असते. अख्ख्या गावाशी कशी भांडू?”

काका आठवड्याने परत गेले. कारखान्याला त्यांनी हो किंवा नाही काहीच सांगितलं नव्हतं. इकडे काकूंनी मला कामाला लावलं. त्यांना किचनचं लायसन्स हवं होतं, स्वतःच्या नावाचं. तोवर डबे घरातूनच चालायचे, सगळ्यांचे चालतात तसे. एका स्थानिक बाईंना पार्टनर घेऊन, औद्योगिक भागाच्या तोंडाशी एक गाळा भाड्याने घेऊन, म्युनिसिपालिटीच्या दहा चकरा मारून ते लायसन्स निघालं. मला वाटलं, धंदा वाढवायचा विचार आहे. मी खूश होते. मग एक दिवस त्यांनी सांगितलं, आता या लायसन्सवर माझा व्हिसा काढ. घराचा करारही त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मला भीती वाटली.

पुढच्या खेपेला काका आले तेव्हा काकूंनी मला मुद्दाम जेवायला बोलावलं. साक्षीदार म्हणून असेल. वरणभात वाढून झाल्यावर त्या पाटावर बसावं तशा खुर्चीवर ताठ बसल्या आणि म्हणाल्या, “आता माझा व्हिसा माझा आहे. तुमच्या शिक्क्यावाचून या घरात कोणाचं अडत नाही. ती नोकरी घ्यायची तर घ्या. इथून पुढे याल ते माझ्यासाठी या, नाहीतर येऊ नका.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. काका ताटातला भात कालवत राहिले, बराच वेळ, आणि शेवटी तो न खाताच उठले. मला त्यांची दया आली. या माणसाला एवढी वर्षं यायला एक कारण होतं, सरकारने ठरवून दिलेलं. ते आता उरलं नव्हतं.

त्यांनी शेठची नोकरी सोडली आणि कारखान्याची घेतली. व्हिसा रद्द झाला. बिल्डिंगमध्ये बोलणं सुरू झालं, काकूंनी नवऱ्याला सोडलं, की काकांनी बायकोला टाकलं, यावर लिफ्टमध्ये चर्चा व्हायच्या आणि मी आत शिरले की थांबायच्या. काकू पहाटे गाळ्यावर जायच्या, दुपारी यायच्या. नवं किचन जोरात चाललं होतं. काकांचे फोन यायचे, महिन्यातून एखादा. काय बोलायचे ते काकूंनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सहा महिने झाले. एरवी त्या सुमाराला काका ऑफिसात मफलर गुंडाळून बसलेले असायचे, आणि मी उगाचच दारावरच्या घंटेकडे कान लावून बसायची. सात झाले, आठ झाले. काकूंचा चेहरा उतरला नव्हता, पण त्या डब्यात मीठ कमी जास्त टाकायला लागल्या होत्या. गिऱ्हाइकं काही बोलली नाहीत, कारण काकूंना कोणी बोलत नसे. मी मात्र जिथे असेन तिथून काकांना शिव्या घालत होते.

मग एके दिवशी ऑफिसच्या फॅक्सवर काकांच्या पासपोर्टची प्रत आली. सोबत मजकूर काही नव्हता. मी ती काकूंना नेऊन दिली. त्यांनी हात पुसून ती घेतली, फोटोकडे बघितलं, आणि म्हणाल्या, व्हिजिट व्हिसाला काय काय लागतं ते सांग. व्हिजिट व्हिसाला स्पॉन्सर लागतो. काकूंचं किचन काकांचं स्पॉन्सर झालं.

सकाळच्या विमानाने काका आले. दुबई विमानतळावर काकू माझ्याबरोबर होत्या, नवी साडी नेसून. याआधी त्या कधी आणायला गेल्या नव्हत्या; काका टॅक्सीने यायचे. यावेळी ते रहिवाशांच्या रांगेतून न येता पाहुण्यांच्या रांगेतून आले, त्यामुळे फार उशीर झाला. काकू एकदाही बसल्या नाहीत. काका बाहेर आले ते वाळलेले दिसत होते, केस सगळे पांढरे झाले होते, आणि काकूंना बघून ते ट्रॉली तिथेच सोडून उभे राहिले. माणसं त्यांना चुकवून पुढे जात होती. शेवटी काकूंनीच जाऊन ट्रॉली ढकलायला घेतली.

मी गाडी चालवत होते, काका माझ्या शेजारी, काकू मागे. काकांनी काच खाली केली नाही, एसी तसाच चालू राहू दिला, हे माझ्या लक्षात आलं. शारजाची हद्द लागली, जेवणाची वेळ होत आली होती. काका मागे न वळता म्हणाले, “आज डबे कोणी लावले?”

“आज डबे नाहीत,” काकू म्हणाल्या.

मी दचकले. मला हे माहीत नव्हतं. काकूंचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी दवाखान्यातून फोन करकरून चार बायकांकडून डबे लावून घेतले होते. वडील गेल्याची बातमी आली त्या दिवशीही लोकांना जेवण वेळेवर गेलं होतं. डबे बंद, हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते.

काका आता मागे वळले. “का गं?”

“घरचं माणूस यायचं होतं,” काकू म्हणाल्या.